जुन्या पिकअप गाडीचे इंजिन : बदलावे की बांधून घ्यावे?

पुणे शहरातील बुधवार पेठ ही पुस्तकांच्या आणि विजेच्या सामानाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तके मिळतात आणि तापकीर गल्लीत तारा, दिवे, मोटारी व मोजणीची उपकरणे मिळतात. जिल्ह्यातील शेतकरी मुलांची पुस्तके आणावयास किंवा विहिरीवरील मोटारीचे सामान घ्यावयास या पेठेत नेहमी येतात. आपल्या जुन्या मालवाहू गाडीच्या इंजिनाची पहिली परीक्षाही येथूनच सुरू होऊ शकते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हजारो रुपये खर्चून इंजिन खोलण्यापूर्वी अल्प किमतीचा एक मल्टीमीटर आणि यंत्रविद्येचे एक साधे मराठी पुस्तक जवळ असले, तर अनेकदा तो खर्चच टळतो. खर्च अटळ ठरला तरी तो योग्य ठिकाणी होतो.

नाशवंत माल पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या संसारात पिकअप गाडीचे स्थान आता बैलजोडीइतकेच महत्त्वाचे झाले आहे. पुरंदर तालुक्यातील एका अंजीर बागायतदाराचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. पहाटे फळे तोडावयाची, करंड्या भरावयाच्या, दिवे घाट उतरावयाचा आणि सकाळच्या बाजाराला पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पोहोचावयाचे, असा त्याचा क्रम असतो. अंजीर हे फळ एक दिवसही थांबत नाही. गाडी वाटेत बंद पडली तर त्या दिवसाचा मालच हातचा जातो, आणि हंगामात आठ दिवस गाडी उभी राहिली तर वर्षाचा हिशेब बिघडतो. म्हणूनच इंजिनाबाबतचा निर्णय घाईने किंवा कोणाच्या ऐकीव सल्ल्याने घेणे इष्ट नाही.

इंजिनाची घराणी

आपल्याकडील शेतकऱ्यास इंजिन नवे नाही. १९२२ साली स्थापन झालेल्या साताऱ्याच्या कूपर कारखान्याची आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनीची इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर वर्षानुवर्षे चालली. गावोगावच्या मिस्त्रींनी पिस्टन, रिंगा व नोझल यांचे पहिले धडे त्या इंजिनांवरच गिरविले. पिकअपचे डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. हवा दाबून तापवावयाची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडावयाचा, एवढेच ते तत्त्व होय.

गाडीवरील इंजिन बदलण्याची प्रथाही आपल्याकडे जुनी आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलिस जीप भारतात आणली. या जीपमध्ये पुढे वापरलेले हरिकेन नावाचे पेट्रोल इंजिन २,१९९ घन सेंटिमीटरचे होते. पेट्रोल महागले तेव्हा पुष्कळ मालकांनी ते उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसविले. याच उद्योगसमूहाच्या कांदिवली येथील कारखान्यात १९६५ पासून इंटरनॅशनल बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याच्या डिझेल इंजिनाचा बोअर ३ पूर्णांक ३/८ इंच आणि स्ट्रोक ४ इंच होता. पुढे याच घराण्यातून ८८.९ मि.मी. बोअर, १०१.६ मि.मी. स्ट्रोक व २,५२३ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन तयार झाले. ८८.९ मि.मी. म्हणजे साडेतीन इंच आणि १०१.६ मि.मी. म्हणजे चार इंच. याचा अर्थ असा की स्ट्रोक तोच राहिला व बोअर वाढला. ग्रामीण भागात ठिकठिकाणी दिसणाऱ्या बोलेरो पिकअपमध्ये याच मापाची इंजिने आली.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. एकाच मापाची इंजिने बाहेरून सारखी दिसली तरी त्यांचे पंप, टर्बो, फ्लायव्हील व विद्युत् जोडणी निरनिराळी असू शकते. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाचे इंजिन आणि संगणकीय नियंत्रणाचे कॉमन रेल इंजिन यांची सरळ अदलाबदल होत नाही. "माप तेच आहे, बसून जाईल" या शब्दांवर विसंबून व्यवहार करू नये.

खोलण्यापूर्वी परीक्षा

गाडी सकाळी सुरू होत नाही, एवढ्यावरून "इंजिन बसले" असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी ते पुरेशा वेगाने फिरावे लागते. स्टार्टर मंद फिरला तर हवा पुरेशी तापत नाही व इंजिन पेट घेत नाही. दोष पुष्कळदा बॅटरीत, गंजलेल्या टोकात किंवा इंजिन व चेसिस यांमधील अर्थिंगच्या पट्टीत असतो.

येथे बुधवार पेठेत मिळणारा मल्टीमीटर उपयोगी पडतो. बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावून दुसऱ्या माणसास स्टार्टर मारावयास सांगावे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून ठेवावा. १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब या वेळी साधारण ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी दुबळी आहे किंवा स्टार्टर जास्त प्रवाह ओढीत आहे असे समजावे. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूस लावून पुन्हा स्टार्टर मारावा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाखविले तर अर्थिंगचा मार्ग खराब आहे. अशा वेळी जाड तारेची एक नवी पट्टी व स्वच्छ घासलेली दोन टोके एवढाच खर्च येतो.

विद्युत् भाग निर्दोष ठरल्यावर धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल अधिक. त्यासाठी प्रथम हवेची जाळी, नंतर नोझल व पंप तपासावे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. त्याचे कारण रिंगा, व्हॉल्व्ह गाईड किंवा टर्बोचे सील यांपैकी काहीही असू शकते. गार इंजिनातून थोडा वेळ निघणारा पांढरा धूर हा न जळलेल्या डिझेलचा असतो. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली व रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑईल दुधाळ दिसणे किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे ही त्याच दोषाची लक्षणे होत.

शेवटची परीक्षा कंप्रेशन गेजची आहे. चारही सिलिंडरांचा दाब मोजून लिहून ठेवावा. सर्वांत जास्त व सर्वांत कमी दाब यांत सुमारे एक-दशांशाहून अधिक फरक असला तर कमी दाबाच्या सिलिंडरात दोष आहे. त्या सिलिंडरात लहान चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजला आहे आणि वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गळत आहे. डिझेल इंजिनातील ज्वलनाची पोकळी फार लहान असते. ऑईल जास्त पडले तर दाब खोटा वाढलेला दिसतो आणि पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकण्याचाही धोका असतो. यास्तव प्रमाण कटाक्षाने पाळावे.

तीन मार्ग

परीक्षेनंतर शेतकऱ्यापुढे तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग हेड कामाचा. दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटपुरता असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणे, सीट नीट करणे व हेडची पातळी तपासणे एवढ्याने काम भागते.

दुसरा मार्ग पूर्ण बांधणीचा. बोअर झिजला असेल, ऑईलचा दाब उतरला असेल किंवा खालून ठोका येत असेल, तर इंजिन उतरवून संपूर्ण खोलावे लागते.

तिसरा मार्ग दुसरे इंजिन बसविण्याचा. ब्लॉकला तडा गेला असेल, रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल, किंवा क्रँक याआधीच शेवटच्या मापापर्यंत घासून झाला असेल, तेव्हाच हा मार्ग विचारात घ्यावा. जुने इंजिन विकत घेणे स्वस्त व झटपट वाटते. परंतु त्या इंजिनाची झीज किती झाली आहे हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. आपल्या इंजिनाचा इतिहास आपणांस माहीत असतो, हा बांधणीच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे.

कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी गाडीची चेसिस, स्प्रिंगांचे आधार व हौद तपासावेत. चेसिस गंजून गेली असेल आणि गाडीस योग्यता प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता नसेल, तर तिच्यात नवे इंजिन घालणे म्हणजे पडक्या घराला नवा दरवाजा लावणे होय.

इंजिन उतरविताना

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडावे. पाणी व ऑईल वेगवेगळ्या भांड्यांत काढावे. ऑईल शेतात किंवा ओढ्यात ओतू नये. प्रत्येक तारेस व नळीस चिठ्ठी बांधावी आणि सोडण्यापूर्वी मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. उघड्या राहिलेल्या डिझेलच्या नळ्यांची तोंडे स्वच्छ कापडाने बांधावीत, कारण धुळीचा एक कणही नोझल खराब करतो. चेनकप्पी भक्कम तिकाट्यास किंवा तुळईस टांगावी. टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही, क्षणभरासाठीही, हात किंवा पाय नेऊ नये. साखळीवर भरवसा ठेवून झालेले अपघात गावोगावी ऐकावयास मिळतात.

खोलताना मेन बेअरिंगच्या व रॉडच्या टोप्या क्रमांकवार ठेवाव्यात. त्या त्यांच्या जागी बसवूनच छिद्र पाडलेले असते. म्हणून एकीची टोपी दुसरीवर गेली तर बेअरिंग टिकत नाही. व्हॉल्व्ह व पुशरॉडही ज्याच्या त्याच्या जागी परत जावेत म्हणून पुठ्ठ्यास भोके पाडून त्यांत क्रमाने लावून ठेवावेत.

मोजल्याशिवाय निर्णय नाही

"बोटाने पाहिले, बोअर चांगला आहे" असे सांगणाऱ्या मिस्त्रीचा अनुभव मोठा असेल, तथापि बोटाला शतांश मिलिमीटर कळत नाही. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजावा. वरच्या रिंगेच्या फिरण्याची जागा सर्वांत जास्त झिजते. वरचे व खालचे माप यांतील फरकास उतार म्हणतात आणि एकाच उंचीवरील दोन दिशांच्या फरकास अंडाकृतीपणा म्हणतात. उदाहरणार्थ, मूळ माप ८८.९० मि.मी. असून वर ८९.०८ व खाली ८८.९८ असे भरले, तर उतार ०.१० मि.मी. झाला. ही झीज चालेल की नाही हे त्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून ठरवावे. मर्यादेबाहेर गेलेल्या बोअरमध्ये केवळ नव्या रिंगा घालणे ही सर्वांत महाग काटकसर होय. रिंग वर सैल व खाली घट्ट चालते आणि काही महिन्यांतच पुन्हा ऑईल पिऊ लागते.

बोअर मोठा करावयाचा असेल तर पिस्टन आधी आणावेत आणि लेथवाल्याने प्रत्येक पिस्टन मोजून त्या मापास बोअर करावा. बोअर झाल्यावर होनिंगच्या तिरप्या रेघा सिलिंडरवर दिसल्या पाहिजेत, कारण त्या रेघांत ऑईल टिकते. यानंतरची एक पायरी फार वेळा गाळली जाते. होनिंगनंतर सिलिंडर गरम पाणी व साबणाने ब्रश लावून धुवावा. केवळ रॉकेलने किंवा डिझेलने पुसल्यास घासणीचे बारीक कण रेघांतच राहतात आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवसापासून घासल्या जातात. धुतल्यावर पांढरे कापड फिरवून पाहावे. ते काळे होणे थांबेपर्यंत धुणे पुरे झाले असे समजू नये. कोरडे होताच ऑईलचा हात फिरवावा, नाहीतर गंज धरतो.

क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजावेत. ते ०.२५ मि.मी. घासले तर बेअरिंगही ०.२५ कमी मापाचेच घ्यावे. बेअरिंग व जर्नल यांतील फट साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या सहस्रांशाच्या आसपास असते. ६० मि.मी. व्यासास सुमारे ०.०६ मि.मी. हे माप केवळ अंदाजासाठी आहे. अंतिम माप पुस्तिकेचेच मानावे. क्रँकमधील ऑईलची छिद्रे तार व हवेचा झोत वापरून साफ करावीत. घासणीचा गाळ या छिद्रांत अडकून राहिला तर नवे बेअरिंग पहिल्या काही किलोमीटरमध्येच जाते.

जुळणी

प्रत्येक रिंग पिस्टनवर चढविण्यापूर्वी ती सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतील फट फिलर गेजने मोजावी. सामान्य नियमाप्रमाणे १०० मि.मी. बोअरला ०.३ ते ०.४ मि.मी. फट लागते, म्हणजे ८८.९ मि.मी. बोअरला सुमारे ०.२७ ते ०.३६ मि.मी. फट कमी असली तर तापल्यावर टोके एकमेकांस भिडून रिंग तुटते. रिंगेवरील खुणेची बाजू वर ठेवावी आणि रिंगांची तोंडे एकाखाली एक येऊ देऊ नयेत.

हेडची पातळी सरळ पट्टी व फिलर गेज यांनी तपासावी. गॅस्केट नेहमी नवे घालावे. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. लांब नळी लावून ताकदीने आवळलेले बोल्ट एकतर ताणले जातात किंवा हेड वाकडे करतात. टायमिंगच्या खुणा जुळवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. कोठे अडले तर जोर न लावता कारण शोधावे.

इंजिन गाडीवर चढविण्यापूर्वी, ते खराब का झाले होते याचा शोध लागलाच पाहिजे. हवेच्या नळीला चीर पडून धूळ आत गेली होती काय? मुरमाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ही गोष्ट सामान्य आहे. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे घालून रेडिएटरमध्ये क्षार बसला होता काय? एखादे नोझल टपकून पिस्टन जळला होता काय? जे कारण जुन्या इंजिनास खाऊन गेले ते तसेच राहिले, तर नव्यालाही खाऊन टाकील. म्हणून बांधणीबरोबरच रेडिएटर साफ करणे, हवेच्या नळ्या बदलणे आणि पंप व नोझल तपासून घेणे हा खर्च वेगळा न मानता बांधणीचाच भाग मानावा.

दुसरे इंजिन बसवावयाचे झाल्यास

त्याच कंपनीचे, त्याच जातीचे व त्याच उत्सर्जन मानकाचे इंजिन घ्यावे. भारत स्टेज ४ हे मानक १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. नव्या मानकाच्या गाडीत जुन्या मानकाचे इंजिन बसविणे योग्य नव्हे. विकत घेण्यापूर्वी इंजिन चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा, कंप्रेशन मोजावे, ऑईलचे चेंबर उघडून तळाशी धातूचा कीस आहे काय ते पाहावे. इंजिनाचा क्रमांक खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर व्यवहार तेथेच थांबवावा. पावतीवर इंजिन क्रमांक लिहून घ्यावा.

कायद्याची बाजूही सांभाळावी. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफार व इंजिनाची बदली यांविषयी तरतूद आहे. त्यानुसार प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता आधी घेऊन बदल झाल्यावर प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी व विमा कंपनीसही कळवावे. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीस अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते आणि त्याचा भार अखेर शेतकऱ्यावरच पडतो.

यांत्रिक बाजूंपैकी ब्रेकची बाजू सर्वांत महत्त्वाची आहे. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या नळीत निर्वात तयार होतो व ब्रेकच्या बूस्टरला तो पुरतो. डिझेल इंजिनात तसा निर्वात तयार होत नाही. म्हणून त्यास स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो आणि तो पुष्कळदा अल्टरनेटरच्या मागील बाजूस बसविलेला असतो. इंजिन बदलताना दुसऱ्या जातीचा अल्टरनेटर आला, नळी चिरलेली राहिली किंवा उलटझडप उलटी बसली, तर सपाट रस्त्यावर फारसे काही जाणवत नाही. परंतु अंजिराच्या करंड्यांनी भरलेली तीच गाडी पहाटे दिवे घाट उतरू लागली की पेडल दगडासारखे कठीण होते. यास्तव पहिली फेरी मोकळ्या मैदानात घ्यावी. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, नंतर पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे. खाली गेले नाही तर गाडी रस्त्यावर आणू नये. त्याचप्रमाणे डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय प्राणघातक आहे, हे चालकास निक्षून सांगावे. घाट नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरावा.

पुण्याच्या बाजारात जाताना

पुण्यात हे सर्व सामान एका ठिकाणी मिळत नाही, परंतु पेठा एकमेकींस लागून आहेत. पुस्तके बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकात मिळतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाची पुस्तके शेतकऱ्याच्या शिकणाऱ्या मुलासही उपयोगी पडतील अशी असतात. मल्टीमीटर, तारा, टोके व फ्यूज तापकीर गल्लीत मिळतात. पाने, गेज व इतर हत्यारे रविवार पेठेतील बोहरी आळीत, आणि गाड्यांचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात. रस्ते अरुंद व गर्दीचे असल्याने गाडी लांब लावून पायी फिरणे सोयीचे होते.

बाजारात जाताना गाडीचा प्रकार, वर्ष, चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक कागदावर लिहून न्यावा, जुना भाग नमुन्यादाखल बरोबर घ्यावा आणि मोजमापाचा तक्ता जवळ ठेवावा. मूळ कंपनीच्या नावाने बनावट भागही विकले जातात. म्हणून वेष्टन व क्रमांक तपासून पक्की पावती घ्यावी.

पहिले हजार किलोमीटर

नवे बांधलेले इंजिन प्रथम सुरू करताना ऑईल फिल्टर भरून बसवावा आणि डिझेलच्या वाटेतील हवा काढावी. स्टॉप ओढून, ऑईलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत, थोडे-थोडे थांबून स्टार्टर मारावा. मगच इंजिन सुरू होऊ द्यावे.

पहिले ५०० ते १,००० किलोमीटर अर्ध्या भाराने चालवावे. वेग एकसारखा न ठेवता कमी-जास्त करावा. इंजिन तासन् तास रिकामे फिरवीत ठेवणे हेही अपायकारक आहे, कारण रिंगा बोअरवर नीट बसण्यास थोडा भार लागतो. सुमारे ५०० किलोमीटरनंतर ऑईल व फिल्टर बदलावा, टॅपेटची फट पुन्हा तपासावी आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास हेडचे बोल्ट पुन्हा आवळावेत. इंजिनाचे काम हंगामापूर्वी किमान महिनाभर काढावे. हंगाम सुरू झाल्यावर बांधलेल्या इंजिनास अर्ध्या भाराने चालविण्याचा धीर कोणासही राहत नाही.

हिशेब

खर्चाचा निर्णय वहीवर घ्यावा. समजा, गाडीची रोजची फेरी ८० किलोमीटरची असून महिन्यास २५ फेऱ्या होतात. म्हणजे २,००० किलोमीटर झाले. चांगले इंजिन लिटरला १२ किलोमीटर देत असेल व झिजलेले १० देत असेल, तर चांगल्यास सुमारे १६७ लिटर व झिजलेल्यास २०० लिटर डिझेल लागते. दरमहा फरक ३३ लिटर, वर्षास सुमारे ४०० लिटर. शिवाय दर ५०० किलोमीटरला एक लिटर ऑईल जळत असेल तर वर्षाचे ४८ लिटर ऑईल. या दोन आकड्यांस चालू भावाने गुणून येणारी रक्कम एका बाजूस लिहावी आणि बांधणीचा खर्च दुसऱ्या बाजूस लिहावा. किती महिन्यांत खर्च भरून निघतो ते आपोआप दिसते. आपल्या गाडीचे खरे आकडे मिळण्यासाठी महिनाभर प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर व लिटर लिहून ठेवावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी गावातील पिकअपधारकांची एक बैठक हंगामापूर्वी घ्यावी. बैठकीत एका गाडीवर मल्टीमीटरची परीक्षा, धुराची ओळख आणि ब्रेक बूस्टरची चाचणी प्रत्यक्ष करून दाखवावी. यासाठी अर्धा तास पुरतो. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांस बोलाविता आले तर अधिक चांगले. बोअर गेज, मायक्रोमीटर, टॉर्क पाना व कंप्रेशन गेज ही हत्यारे एकट्या शेतकऱ्यास घेणे परवडत नाही. ती शेतकरी गटाने किंवा सहकारी संस्थेने सामाईक घेऊन गावच्या मिस्त्रीस वापरावयास द्यावीत व त्यांची नोंदवही ठेवावी.

मिस्त्रीचा हात, पुस्तिकेतील माप आणि मालकाची वही या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे वीस वर्षांची गाडीही विश्वासाने काम देते. पहाटेच्या अंधारात घाट उतरणाऱ्या त्या गाडीत बागेच्या वर्षभराच्या कष्टांबरोबर ती चालविणारा घरचा माणूसही असतो, हे ध्यानात ठेवून प्रत्येक बोल्ट आवळावा.